'सेस्क्विपिडेलियन' : दीड पावलाचा शब्द की हातभर लांब शब्द?

कोरांटी

इंग्रजीत 'सेस्क्विपिडेलियन' असं एक विशेषण आहे. रोजच्या बोलण्यात ते येत नाही. भेटतं ते पुस्तक-परीक्षणांत, शब्दकोड्यांत आणि भाषेविषयीच्या लेखांत. उच्चारताना आघात 'डे'वर येतो. अर्थ दोन पायऱ्यांचा आहे. आधी 'फार लांब, अनेक अवयवांचा (शब्द)', आणि त्यावरून 'असे शब्द हौसेनं वापरणारा (लेखक), अशा शब्दांनी भरलेली (शैली)'. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते इंग्रजीत आहे.

धागा काढला तो व्युत्पत्तीसाठी. कोशात 'लॅटिन, दीड फूट लांब' एवढं लिहून विषय संपवतात. पण शब्द सुटा केला की त्यातला प्रत्येक तुकडा आपल्या ओळखीचा निघतो:

सेमिस = अर्धा. यातल्या 'सेमि'चा ग्रीक भाऊ 'हेमि' आणि संस्कृत भाऊ 'सामि'. 'सामि' म्हणजे अर्धे, आणि पाणिनीनं त्याच्या समासासाठी वेगळं सूत्र दिलं आहे (२.१.२७).

क्वे = आणि. हाच संस्कृत 'च'. दोन्ही शब्दाच्या आधी न येता मागून चिकटतात. रोमची निशाणी असलेली 'एस. पी. क्यू. आर.' ही अक्षरं सगळ्यांनी पाहिलेली असतात. त्यातला 'क्यू' म्हणजे हाच 'क्वे', 'सेनेट आणि रोमची जनता' यातला 'आणि'.

पेस, षष्ठीत पेडिस = पाय, पाऊल. संस्कृत पद्/पाद, मराठी पाय, पाव, पाऊल. इंग्रजी 'फूट'ही त्याच मुळाचा.

'सेमिस' आणि 'क्वे' घासून 'सेस्क्वि' झालं. अर्थ 'आणि अर्धा'. गंमत अशी की यात 'एक' कुठेच नाही, तो गृहीत धरलेला आहे. सेस्क्विपेडालिस म्हणजे '(एक) आणि अर्ध्या पावलाचा'.

प्रश्न दोन. आपला 'दीड' याच पद्धतीनं बनला आहे का? आणि मराठीत या विशेषणाला खरा प्रतिशब्द कोणता?

अर्धमात्रा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे.

अपूर्णांक सांगायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एक बेरजेची: पूर्ण संख्या सांगा, वर 'अर्ध्यासह' म्हणा. संस्कृतात हे 'सार्ध' (स + अर्ध), त्याचं प्राकृतातून मराठीत 'साडे' झालं. साडेतीन, साडेसाती, आणि १५० वर्षांची 'सार्धशती' ही सगळी त्या घरची. 'सेस्क्वि' याच पद्धतीचा.

दुसरी पद्धत क्रमाची: कितव्यातला अर्धा ते सांगा. संस्कृत 'अर्धतृतीय' म्हणजे 'ज्यातला तिसरा अर्धाच आहे', म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. प्राकृतात 'अड्ढाइज्ज', मराठीत 'अडीच'. तसंच 'द्व्यर्ध', प्राकृत 'दिवड्ढ', मराठी 'दीड': दुसरा अर्धा. साडेतीनला प्राकृतात 'अद्धुट्ठ', म्हणजे चौथा अर्धा, आणि त्याचा मराठी 'औट'. 'औट घटकेचं राज्य' म्हणतो तेव्हा साडेतीन घटका, म्हणजे साडेतीन गुणिले २४, अशी ८४ मिनिटं मोजलेली असतात. संतवाङ्मयातला 'औट हात' हा साडेतीन हातांचा देह.

म्हणूनच मराठीत 'साडेएक' आणि 'साडेदोन' नाहीत. त्या जागा क्रमाच्या पद्धतीनं आधीच अडवल्या होत्या. साडेतीनच्या जागी मात्र दोन्ही शब्द नांदले, आणि पुढे 'औट' मागे पडला.

हे शब्द किती जुने ते अशोकाच्या लेखांत दिसतं, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकात. तेराव्या शिलालेखात कलिंगातून नेलेल्या दीड लाख माणसांचा आकडा 'दियढ' शब्दानं दिला आहे. रूपनाथच्या लघुलेखात 'अडीच वर्षांहून अधिक' यासाठी 'अढतिय' आहे, आणि धर्मोद्योग दीडपट वाढेल हे सांगताना पुन्हा 'दियढिय'. आपले दीड आणि अडीच एकाच राजाच्या तोंडी.

लॅटिनमध्येही दुसरी पद्धत होती. रोमचं 'सेस्टर्शियस' हे नाणं: सेमिस + टेर्टियुस = अर्धा तिसरा = अडीच. सुरुवातीला ते अडीच 'आस'चं ('आस' हे रोमचं लहान नाणं) होतं म्हणून हे नाव. नंतर त्याची किंमत चार 'आस' झाली, नाव तेच राहिलं. 'अर्धतृतीय' आणि 'सेमिस-टेर्टियुस' समोरासमोर ठेवा, तुकड्याला तुकडा जुळतो.

तिसरीघंटा

यात भर. जर्मन 'आन्डर्टहाल्ब' (दीड) म्हणजे 'दुसरा अर्धा', रशियन 'पल्तरा'ही तसाच. डॅनिशमध्ये ५० ला 'हाल्व्त्रेस' म्हणतात. पूर्ण रूप 'अर्धा-तिसरा गुणिले वीस', म्हणजे चोख मराठीत 'अडीच विसा'. डॅनिश शिकणारे इथे हटकून अडखळतात, कारण त्यांना तो शब्द 'अर्धा' आणि 'तीन' असा वेगवेगळा ऐकू येतो आणि हिशेब जुळत नाही. ज्यानं लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केली आहे, त्याला हे एका वाक्यात समजावता येतं.

अर्धमात्रा

पाढ्यांवरून आठवलं. 'पाद'सुद्धा आपल्या अपूर्णांकांत आहेच. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाव. सपाद (पादासह) चं सव्वा, आणि पादोन (पाद + ऊन, पावानं कमी) चं पाऊण. लॅटिन शब्दात पाद हे लांबीचं माप आहे आणि मराठीत हिस्सा, पण पाय एकच.

चिरेबंदी

'दीड पावलाचा' हा शब्द साहित्यात येण्याआधी गवंड्यांचा होता, हे इथे यायला हवं.

रोमन फूट सुमारे २९.६ सेंटिमीटर. दीड फूट म्हणजे ४४.४. या मापाच्या चौरस विटेला किंवा फरशीला सेस्क्विपेडालिस म्हणत. बरोबरची मापं अशी: बेसालिस दोन-तृतीयांश फूट, म्हणजे सुमारे १९.७ सेंमी, बायपेडालिस दोन फूट, सुमारे ५९ सेंमी. उत्खननात तुटका तुकडा मिळाला तरी जाडी आणि उरलेली कड पाहून तो कोणत्या मापाचा ते बहुधा ठरवता येतं, कारण मापं अशी ठरलेली होती.

व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानं आपल्या ग्रंथात स्नानगृहाच्या गरम जमिनीची कृती दिली आहे. तळाला सेस्क्विपेडालिस फरश्या, भट्टीकडे उतार ठेवून. उताराची परीक्षा अशी की आत चेंडू टाकला तर तो आत थांबता कामा नये, घरंगळत भट्टीच्या तोंडाशी परत यायला हवा. उतार असला की ज्वाळ जमिनीखाली सहज पसरते. त्या फरश्यांवर बेसालिस विटांचे दोन फूट उंच खांब, इतक्या अंतरावर की वर दोन-फुटी फरशी टेकेल. सांधायला केस मिसळून मळलेली माती. वरच्या दोन-फुटी फरश्यांवर मग पक्की जमीन.

त्याच ग्रंथात कच्च्या विटांच्या प्रकरणात 'लिडियन' वीट येते: लांबी दीड फूट, रुंदी एक फूट. एवढ्या मोठ्या विटेत काय बिघडतं तेही त्यानं नेमकं लिहिलं आहे. भर उन्हाळ्यात पाडली तर वरची कातडी आधी सुकते, आत ओल राहते. मग आतला भाग सुकताना आक्रसतो आणि आधीच कडक झालेली कातडी तडकते. म्हणून विटा वसंतात किंवा शरदात पाडाव्यात, आणि वापरायच्या दोन वर्षं आधी पाडलेल्या असल्या तर उत्तम.

तेव्हा त्या काळच्या वाचकाला सेस्क्विपेडालिस म्हटल्यावर आधी डोळ्यांसमोर येणार ती जड, बोजड, दोन हातांनी उचलायची वस्तू. 'बोजड शब्द' हा अर्थ तिथून सरळ निघतो.

कोरांटी

हे फार महत्त्वाचं आहे. कोशातल्या 'दीड फूट लांब'मधून ते वजन कळत नाही.

वीट ते शब्द हा प्रवास रोमन कवी होरेसनं केला (जन्म इ.स.पू. ६५, मृत्यू इ.स.पू. ८). 'आर्स पोएटिका' या काव्यकलेवरच्या कवितेच्या ९७ व्या ओळीत तो म्हणतो की टेलिफस आणि पेलिअस हे राजे दारिद्र्यात आणि वनवासात सापडले की 'आम्पुलास' आणि 'सेस्क्विपेडालिया वर्बा' फेकून देतात, जर त्यांच्या विलापानं प्रेक्षकाचं काळीज हलावं असं वाटत असेल तर. आम्पुला म्हणजे फुगीर पोटाची कुपी. इंजेक्शनची 'अँप्यूल' तीच. इथे अर्थ फुगवलेली भाषा.

दोनच ओळी वर त्यानं 'सेर्मोने पेडेस्ट्री' म्हटलं आहे, म्हणजे पायी चालणारी, साधी बोली. इंग्रजी 'पेडेस्ट्रियन'चा 'रटाळ, गद्य' हा अर्थ आणि 'सेस्क्विपिडेलियन' हे अशा रीतीनं एकाच वाक्यातले शेजारी आहेत. एकात पाय जमिनीवर आहे, दुसऱ्यात दीड पाऊल पसरला आहे.

अर्धमात्रा

वृत्तही पाहा. ओळ हेक्सामीटर, सहा चरणकांची. गण पाडले तर:

प्रोइसिट / आम्पुल् / लास एट् / सेस्क्विपे / डालिआ / वर्बा

चौथा आणि पाचवा तुकडा गुरु-लघु-लघु, म्हणजे आपल्या हिशेबानं दोन भगण. एकटा 'सेस्क्विपेडालिआ' सहांपैकी दोन चरणक पुरे व्यापतो. लॅटिनमध्ये चरणकालाही 'पेस'च म्हणतात. 'दीड पावलांचा' म्हणवणारा शब्द ओळीत दोन पावलं जागा घेतो. हे होरेसनं मुद्दाम केलं असं मला ठामपणे वाटतं. दोषाचं नाव घ्यायचं आणि त्याच शब्दानं तो दोष करून दाखवायचा.

रानमोगरा

या शब्दाच्या वापरात होणाऱ्या चुका एकत्र करून ठेवते, शिकवणाऱ्यांना उपयोग होईल.

एक, लांब भाषणाला सेस्क्विपिडेलियन म्हणत नाहीत. छोट्या छोट्या शब्दांचं तीन तासांचं भाषण हे पाल्हाळ. हे विशेषण शब्दाच्या लांबीविषयी आहे, मजकुराच्या नाही. मराठीत 'शब्दबंबाळ' हे शब्दांच्या संख्येविषयी बोलतं, म्हणून प्रतिशब्द म्हणून ते घसरतं.

दोन, 'सेस्क्वि'चा 'सहा'शी संबंध नाही. 'सेक्स्टेट' वगैरेंमुळे हा गोंधळ होतो.

तीन, इंग्रजीतला प्रत्येक 'पेड' पाय नसतो. सेंटिपीड, पेडल, इम्पीड यांत पाय आहे. पेडिग्रीतही आहे: जुन्या फ्रेंचमध्ये 'क्रौंच पक्ष्याचं पाऊल', वंशावळीतल्या फाटे फुटणाऱ्या रेघांवरून. पण पेडिअ‍ॅट्रिक आणि ऑर्थोपेडिक यांतला 'पेड' ग्रीक 'पाइस', म्हणजे मूल. ऑर्थोपेडिक हा शब्द निकोला आंद्रीनं १७४१ मध्ये मुलांचे बाक सरळ करण्याच्या विद्येसाठी घडवला. पायाच्या दुखण्यासाठी तिथे जातात म्हणून तो पायाचा वाटतो एवढंच.

चार, 'हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडालिओफोबिया', लांब शब्दांची भीती. हा शब्द खेळ म्हणून लांबवलेला आहे. 'हिप्पोपोटो' आणि 'मॉन्स्ट्रो' हे तुकडे केवळ लांबीसाठी जोडले आहेत, अर्थाला त्यांची गरज नाही. वैद्यकातलं ते निदान नव्हे. शाळेच्या प्रश्नमंजूषेत तो 'आजाराचं नाव' म्हणून विचारू नये.

खर्जषड्ज

'सेस्क्वि' संगीतातही आहे आणि तिथे त्याचा अर्थ थोडा सरकतो. ३:२ या प्रमाणाला 'सेस्क्विआल्टेरा' म्हणतात. हेच षड्ज-पंचमाचं अंतर: सा २४० कंपनांचा धरला तर पंचम ३६०. लयीत दीडपट म्हणजे आपली आड लय, दोन मात्रांच्या जागेत तीन.

पण ४:३ ला 'सेस्क्विटेर्शिया' म्हणतात (सा-म) आणि ९:८ ला 'सेस्क्विऑक्टाव्हा' (सा आणि शुद्ध रे). इथे दीडाचा काही संबंध नाही. 'सेस्क्वि' म्हणजे नुसतं 'एक आणि वर...', पुढे जो भाग सांगितला तो: एक-तृतीयांश, एक-अष्टमांश. जुने ग्रंथ वाचताना प्रत्येक ठिकाणी दीड लावला की सगळी गणितं चुकतात.

वाळा

रसायनात मात्र दीड पक्का आहे. सेस्क्विऑक्साइड: धातूचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन, म्हणजे दर धातूमागे दीड. लोखंडाचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं असं ऑक्साइड कोकणच्या जांभ्यात भरपूर असतं. शतकानुशतकं पाऊस मुरून सिलिका आणि क्षार वाहून जातात, ही ऑक्साइडं मागे राहतात. जांभ्याचा चिरा काढताना मऊ असतो आणि उघड्यावर ठेवला की कठीण होतो. या दगडाला 'लॅटेराइट' हे नाव फ्रान्सिस बुकॅननने १८०७ मध्ये दिलं, लॅटिन 'लाटेर' म्हणजे वीट यावरून. चिरेबंदी यांच्या विटेशी गाठ पुन्हा पडली.

दुसरं, सेस्क्विटर्पीन. टर्पिनं म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांतली संयुगं. टर्पीन मोजायचं एकक १० कार्बनचं ठरलं होतं. १५ कार्बनची म्हणून ही दीडपट. चंदनातला सँटालॉल, हळदीतला टर्मेरोन, आल्यातला झिंजिबेरीन आणि वाळ्याच्या तेलातले मुख्य घटक याच घराण्यातले. रेणू मोठा म्हणून उत्कलनबिंदू जास्त. लिंबाच्या सालीतलं १० कार्बनचं लिमोनीन सुमारे १७६ अंशांना उकळतं, सेस्क्विटर्पिनं साधारण अडीचशेच्या वर. म्हणून लिंबाचा वास चटकन उडतो आणि चंदन-वाळ्याचा रेंगाळतो. वाळ्याचं तेल वाफेनं काढताना घाई केली तर हलका भाग आधी येतो आणि वासाचा खरा जड भाग मुळांतच राहून जातो.

कोरांटी

आता प्रतिशब्द. 'दीडपदी'? 'दीडपावली'?

चिरेबंदी

दोन्ही नकोत. दीड रोमन फूट म्हणजे रोमन 'कुबिटुस', कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. रोमन फुटात १६ अंगुळं, कुबिटुसमध्ये २४. आपल्या हातातही अंगुळं २४ च, आणि हात १८ इंचांचा, सुमारे ४५.७ सेंमी. सव्वा सेंटिमीटरचा फरक. 'सेस्क्विपेडालिया वर्बा' म्हणजे शब्दशः 'हातभर लांब शब्द'. मराठी तयार आहे, घडवायची गरज नाही.

अर्धमात्रा

'हातभर'ला माझं पूर्ण अनुमोदन. मापाचा एक फरक फक्त नोंदवतो: व्हिट्रुव्हियसच्या मते माणसाची उंची त्याच्या चार हातांची, चरकाच्या मते ८४ अंगुळं, म्हणजे साडेतीन हात. औट हात तो हाच.

रानमोगरा

शब्द पटला, पण मराठीत लांबी आणि बोजडपणा यांची जोडी तशी जुळत नाही. 'शेजाऱ्यांच्यापेक्षासुद्धा' यात आठ अक्षरं आहेत. 'अनन्यसाधारणत्व' यातही आठ. पहिला शब्द कुणालाही खुपत नाही, कारण लांबी तोंडात बसलेल्या प्रत्ययांची आहे. दुसरा जड वाटतो, कारण त्याचे तुकडे वाचणाऱ्याला मनात सोडवावे लागतात. म्हणून मजकूर सोपा करताना अक्षरं मोजून शब्द काढणं चुकीचं. आधी समास सोडवावेत, भाववाचक '-त्व', '-ता' ची क्रियापदं करावीत, प्रत्ययांना हात लावू नये.

संगणकावर मोजणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. 'सेस्क्विपिडेलियन' देवनागरीत सात अक्षरांचा आहे, पण संगणक मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळे धरून १६ मोजतो. एकट्या 'सेस्क्वि'चे आठ होतात. इंग्रजीसाठी ठरवलेली 'कठीण शब्दाची' मर्यादा मराठीला तशीच लावली की निम्मा मजकूर कठीण ठरतो.

तिसरीघंटा

लांब शब्द म्हणजे दोषच, हे मात्र होरेसचं मत झालं. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी आपल्या 'काव्यादर्शा'त समासांच्या विपुलतेला 'ओज' म्हणतो आणि तेच गद्याचं जीवित ठरवतो. होरेस नाटकातल्या विलापाविषयी बोलतोय, दंडी गद्याविषयी. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत असं मी मानतो.

खर्जषड्ज

एक राहिलेला प्रश्न. 'दीडशहाणा'तल्या दीडासारखा, 'गरजेपेक्षा जास्त' या अर्थाचा 'सेस्क्वि' लॅटिनमध्ये आढळतो का?

अर्धमात्रा

आढळतो. रोमन लेखक व्हारोच्या (इ.स.पू. ११६ ते २७) एका उपहासकृतीचं नावच 'सेस्कुलिक्सेस' आहे: सेस्क्वि + उलिक्सेस, 'दीड युलिसिस'. युलिसिस हा चतुराईसाठी प्रसिद्ध, आणि हा त्याच्या दीडपट. मराठी वाचकाला त्यावर टीप लागत नाही.